आधी नाते, मग माहिती: लकोटा समाज बाहेरच्यांना कसा कळत गेला

एला डेलोरिया जुन्या कथा टिपून घेण्यासाठी एखाद्या वृद्ध लकोटा माणसाच्या घरी निघत, तेव्हा वही-पेन्सिलीच्या आधी मांस किंवा खाण्याचे दुसरे काही जिन्नस बरोबर घेत. ही १९३० नंतरच्या दशकातली गोष्ट आहे. त्या स्वतः डकोटा घराण्यातल्या होत्या, लकोटांच्या वस्तीत वाढल्या होत्या आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्यासाठी काम करत होत्या. हातात पैसा कायम तोकडा असे. म्हणून बोआस यांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी हा खर्च का टाळता येत नाही ते समजावून सांगितले. त्याचा आशय असा, की रिकाम्या हाताने कोणाच्या दारात गेले, की त्याच क्षणी मी आपल्या माणसांतून उठून परक्यांच्या रांगेत जाऊन बसते.

लकोटा या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजाचे नाव आपल्याकडे पोचले ते बहुधा घोडेस्वार, पिसांचा शिरपेच आणि लढाया यांच्या चित्रांतून, तेही ‘रेड इंडियन’ या नावाखाली, जे आता टाकून द्यायला हवे. या लेखात मी वेगळ्या वाटेने जाणार आहे. बाहेरची माणसे मैत्रीच्या आधाराने या समाजापर्यंत कशी पोचली, त्यांच्या हाती काय लागले आणि मैत्री खरी असूनही काय निसटले, हे पाहिले की लकोटांचा इतिहास आणि त्यांची रीत एकाच धाग्यात ओवता येते. त्यांच्याकडे मैत्री फार काळ नुसती मैत्री राहत नाही, तिचे नाते होते, आणि नाते झाले की त्याबरोबर कर्तव्ये येतात.

सात चुली, एक घर

लकोटा या शब्दाचा अर्थच मुळी मित्र, सोबती, एकमेकांशी सख्य असलेली माणसे असा आहे. मूळ उच्चारात ‘क’ नंतर घशातून खरवडत निघणारा, ‘ख’ च्या जवळचा ध्वनी येतो, तो देवनागरीत नीट उतरत नाही. हे लोक ज्या मोठ्या समूहाचा भाग आहेत त्याला ते ‘ओचेती शाकोविं’ म्हणतात, म्हणजे सात चुली किंवा सात अग्नी. मराठीत चूल वेगळी झाली की घर वाटले गेले असे आपण समजतो. इथे मात्र चुली सात आणि घर एक, अशी कल्पना आहे. पूर्वेकडच्या चार चुली डकोटांच्या, मधल्या दोन यांक्टन आणि यांक्टनाय यांच्या, आणि सातवी, सर्वांत पश्चिमेची, लकोटांची. लकोटांमध्ये पुन्हा ओग्लाला, सिचांगु, हुंकपापा, मिनिकोन्जु अशा सात शाखा आहेत. पूर्वेकडची बोली आणि पश्चिमेकडची बोली यांत जो फरक आहे तो ‘मित्र’ या शब्दातच ऐकू येतो: डकोटा माणूस मित्राला ‘कोडा’ म्हणतो, लकोटा माणूस ‘कोला’ म्हणतो. ‘सू’ हे बाहेर रूढ झालेले नाव त्यांचे नव्हे. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी त्यांना दिलेले नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपल्या पद्धतीने उच्चारले आणि त्याचे शेवटचे टोक तेवढे उरले.

आज लकोटांची मुख्य वस्ती अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातल्या पाइन रिज, रोझबड, शायेन रिव्हर, लोअर ब्रूल आणि उत्तरेला नॉर्थ डकोटातही पसरलेल्या स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशांत आहे. यांतल्या प्रत्येक ठिकाणी टोळीचे स्वतःचे शासन आहे. लकोटांविषयी भूतकाळात बोलण्याची सवय बाहेरच्या लेखकांना लागलेली असल्यामुळे हे आधीच सांगितलेले बरे.

हाक कशी मारायची

लकोटा भाषेत वडिलांना ‘आते’ म्हणून हाक मारतात. मराठी कान या शब्दासरशी वडिलांच्या बहिणीकडे वळतो, पण हा निव्वळ योगायोग आहे. खरे साम्य शब्दात नसून मांडणीत आहे. वडिलांच्या भावालाही लकोटा मूल ‘आते’ म्हणजे बाबाच म्हणते, आणि आईच्या बहिणीला ‘इना’, म्हणजे आई. वेगळे शब्द आहेत ते आईच्या भावासाठी, ‘लेक्शी’, आणि वडिलांच्या बहिणीसाठी, ‘तुन्विं’. साहजिकच चुलत आणि मावस भावंडे ही सख्खी भावंडे ठरतात, आणि आते-मामे भावंडांसाठी निराळे शब्द येतात. इंग्रजीत काका, मामा, मावसा, आतोबा हे सगळे एकाच शब्दात गडप होतात, आणि चुलत, मावस, आते, मामे हा भेद तर पुसलाच जातो. इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्याला ‘माझे तीन वडील’ हे वाक्य कोड्यात पाडते. मराठी वाचकाला ते कोडे वाटणार नाही, कारण चुलत-मावस एकीकडे आणि आते-मामे दुसरीकडे, ही रेघ आपल्याही भाषेत ठळक आहे.

बोलणारा पुरुष आहे की स्त्री, यावरही शब्द ठरतो. थोरल्या भावाला मुलगा ‘चिये’ म्हणतो आणि मुलगी ‘तिब्लो’ म्हणते. थोरल्या बहिणीला मुलगा ‘तंके’ म्हणतो, मुलगी ‘चुवे’ म्हणते. वाक्याच्या शेवटी येणारी काही अव्ययेही पुरुषांची निराळी आणि स्त्रियांची निराळी आहेत. ‘जातो’ आणि ‘जाते’ यांत वाढलेल्या माणसाला यात आश्चर्य नाही, पण त्यातून एक धोका उभा राहतो तो लक्षात घेण्यासारखा आहे. भाषा एकाच मैत्रिणीकडून शिकलेला पुरुष सगळी वाक्ये बायकांच्या वळणाने बोलू लागतो, आणि ती चूक त्याला स्वतःला कळत नाही. एका मित्राकडून मिळालेली माहिती खरी असूनही अपुरी का असते, याचे याहून साधे उदाहरण मला सुचत नाही.

नात्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर वागण्याची एक ठरलेली रीतही येते. जावयाने सासूशी थेट बोलू नये, तिच्याकडे रोखून पाहू नये, अशी जुनी मर्यादा होती. वरवर पाहणाऱ्याला तो रुसवा वाटेल, पण तो आदर होता. याउलट मेहुणे-मेहुणी, दीर-भावजय यांच्यात थट्टा चालते, इतकी की ती न करणेच चमत्कारिक दिसावे. डेलोरिया यांनी आयुष्यभराच्या अभ्यासानंतर या समाजाचे सार सांगितले ते असे, की डकोटा-लकोटा जीवनात माणसाची खरी परीक्षा तो चांगला नातेवाईक आहे की नाही यावर होते. मालमत्ता, पराक्रम, मान हे सगळे त्यानंतर येते.

घरात आणि ‘तियोश्पाये’त, म्हणजे एकत्र राहणाऱ्या आप्तांच्या समूहात, माणसे एकमेकांना नावाने हाक मारत नसत, नात्याने मारत. नुसते नाव घेऊन हाक मारणे रुक्ष समजले जाई. आता बाहेरून आलेल्या माणसाची अडचण पाहा. त्याला हाक मारायला शब्दच नाही, आणि शब्द नाही म्हणून त्याच्याशी कसे वागायचे हेही ठरलेले नाही.

यावर लकोटांकडे उपाय होता आणि आहे. दोन पुरुष एकमेकांचे ‘कोला’ झाले, की ते आयुष्यभराचे बंधन होई, आणि एकाची वस्तू मागितली तर दुसऱ्याने नाही म्हणायचे नसे. स्त्रिया मैत्रिणीला ‘माश्के’ म्हणत. त्याहून विधिपूर्वक जोडलेले नाते म्हणजे ‘हुंका’. या सोहळ्यात घोड्याच्या शेपटीचे केस बांधलेल्या कांड्या ओवाळल्या जात, ज्याला नात्यात घ्यायचे त्याच्या चेहऱ्यावर तांबडी रेघ ओढली जाई, आणि त्या दिवसापासून तो बाप, मुलगा किंवा भाऊ होई, रक्ताच्या नात्यापेक्षाही अधिक बांधील. दुसरा उपाशी असताना हुंकाने जेवायचे नसे. ‘मिताकुये ओयासिं’, म्हणजे माझे सारे आप्त, हे शब्द प्रार्थनेच्या शेवटी आजही म्हटले जातात, आणि त्या आप्तांमध्ये माणसांबरोबर पशुपक्षी, झाडे, दगड आणि तारेही धरलेले असतात.

डॉक्टर आणि म्हातारी मंडळी

डॉ. जेम्स वॉकर १८९६ मध्ये पाइन रिज येथे सरकारी डॉक्टर म्हणून आले आणि १९१४ पर्यंत तिथे राहिले. क्षयाने वस्ती पोखरली होती आणि एवढ्या मोठ्या प्रदेशात डॉक्टर एकटा पुरणार नव्हता. त्या काळच्या सरकारी धोरणानुसार पारंपरिक वैद्यांना हटकणे हेच त्यांच्याकडून अपेक्षित होते. १८८३ पासून लागू असलेल्या नियमांनी सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरवले होते, आणि वैदूंच्या कामावरही बंदी होती. वॉकर यांनी त्या वैद्यांशी भांडण न करता त्यांच्याशी बोलणे सुरू केले आणि क्षयाविरुद्धच्या कामात त्यांची मदत घेतली.

त्या बोलण्यातून पुढे जे घडले त्याचा पुढाकार डॉक्टरांइतकाच ओग्लाला वडीलधाऱ्यांचाही होता, आणि हा मुद्दा नेहमी मागे पडतो. आपल्याबरोबर हे ज्ञान मातीत जाईल, ही चिंता त्यांना होती. परक्याला ते द्यावे की नाही यावर त्यांच्यात खल झाला, आणि शेवटी तोडगा निघाला तो त्यांच्याच रीतीतला: वॉकर यांना पवित्र ज्ञान जाणणाऱ्यांपैकी एक म्हणून तयार करायचे, म्हणजे जे सांगायचे ते परक्याला सांगितले असे होणार नाही. त्यातल्या काही गोष्टी, त्या सांगणारी पवित्र माणसे हयात आहेत तोवर उघड करायच्या नाहीत, अशी अटही त्यांनी घातली. जॉर्ज स्वॉर्ड, लिटल वूंड, अमेरिकन हॉर्स ही त्या मंडळींतली ठळक नावे. स्वॉर्ड यांचे आयुष्य तर लकोटा माणसाला एका चौकटीत बसवू पाहणाऱ्या कोणालाही थांबवणारे आहे. तरुणपणी लढलेले, पुढे राखीव प्रदेशाच्या पोलिसांचे कप्तान झालेले, चर्चमध्ये डीकन म्हणून सेवा करणारे हे गृहस्थ उतारवयात लकोटा भाषेत लिहायला शिकले आणि आपल्या लोकांच्या जुन्या रीती त्यांनी स्वतःच्या हाताने वह्यांत उतरवून ठेवल्या.

वॉकर यांचा सूर्यनृत्यावरील अभ्यास १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटी लकोटा पुराणकथांची एक लांबलचक आणि फार सुबक साखळी येते. तिथेच अडचण आहे. वीस वर्षांनंतर बोआस यांनी त्या कथा पडताळून पाहण्याचे काम एला डेलोरिया यांच्याकडे सोपवले. त्यांनी त्या गोष्टी वडीलधाऱ्यांना वाचून दाखवल्या, तर अनेकांनी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या. डेलोरिया यांनी निष्कर्ष कळवला, की या गोष्टी कुणा प्रतिभावान माणसाने रचलेल्या दिसतात, सर्वांच्या तोंडी असलेली परंपरा ही नव्हे. बोआस यांना हे उत्तर रुचले नाही. डेलोरिया मात्र त्यावर ठाम राहिल्या. एका बाजूला जगप्रसिद्ध गुरू, ज्यांच्या मानधनावर घर चालायचे, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडे मांसाचा वाटा घेऊन जायचे ते म्हातारे आप्त, यांच्यामध्ये उभे राहून त्यांनी जे केले त्याचे मोल मला फार वाटते.

चार तोंडांतून आलेला शब्द

बाहेरच्या जगाला सर्वाधिक ठाऊक असलेली मैत्री ब्लॅक एल्क आणि जॉन नायहार्ट यांची. नायहार्ट हे नेब्रास्काचे राजकवी. १८९० च्या ‘प्रेतनृत्य’ चळवळीविषयी, म्हणजे नृत्याने मेलेले आप्त आणि जुने दिवस परत येतील अशी आशा धरणाऱ्या धर्मचळवळीविषयी, प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणाकडून तरी ऐकावे, म्हणून ते ऑगस्ट १९३० मध्ये पाइन रिजमधल्या मँडरसन या वस्तीजवळ ब्लॅक एल्क यांना भेटले. ब्लॅक एल्क तेव्हा सदुसष्टीच्या आसपास होते आणि त्यांची नजर जवळपास गेली होती. बाराव्या-तेराव्या वर्षी ते अमेरिकी लष्कराशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईच्या वेळी तिथल्या छावणीत होते, तरुणपणी ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांबरोबर इंग्लंडला जाऊन आले होते आणि डिसेंबर १८९० मध्ये वूंडेड नी येथे लष्कराने केलेले लकोटांचे हत्याकांड त्यांनी पाहिले होते. त्यांनी या पाहुण्याला पुढच्या वसंतात परत यायला सांगितले. मे १९३१ मध्ये नायहार्ट आपल्या दोन मुलींसह आले, तेव्हा ब्लॅक एल्क यांनी त्यांना ‘ज्वलंत इंद्रधनुष्य’ अशा अर्थाचे लकोटा नाव दिले. मुलींनाही नावे मिळाली. म्हणजे इथेही आधी नाते आणि मग माहिती.

ते सांगणे कसे चालायचे हे जवळून पाहण्यासारखे आहे. ब्लॅक एल्क लकोटात बोलत. त्यांचा मुलगा बेन ते इंग्रजीत सांगे, पण ते इंग्रजी राखीव प्रदेशात रुळलेले, स्वतःच्या वळणाचे इंग्रजी होते. नायहार्ट तेच वाक्य पुन्हा आपल्या शब्दांत म्हणून दाखवत आणि गरज पडली तर बेनकरवी वडिलांना परत विचारत. मग त्यांची मुलगी ईनिड ते लघुलिपीत उतरवून घेई, आणि त्याचे टंकन नंतर होई. फायर थंडर, आयर्न हॉक यांसारखी जुनी मंडळी शेजारी बसलेली असत आणि आपापल्या आठवणी जोडत. आपल्या हकिकतीला साक्षीदार असावेत, ही लकोटांची रीतच होती. पराक्रम सांगणाऱ्याने तो पाहिलेल्या माणसासमोर सांगायचा.

या सगळ्यातून १९३२ मध्ये पुस्तक झाले, ते सुरुवातीला फारसे खपले नाही आणि १९६० नंतर जगभर पोचले. १९८४ मध्ये रेमंड डीमॅली या अभ्यासकाने त्या बैठकींचे मूळ टिपण छापले, तेव्हा पुस्तक आणि बोलणे यांतले अंतर दिसले. पुस्तकाचा शेवट, ज्यात वृद्ध माणूस म्हणतो की राष्ट्राचे कडे तुटले आणि एक स्वप्न बर्फात मेले, तो अक्षरशः लाखो वाचकांच्या मनात कोरला गेला. ते शब्द मुख्यतः नायहार्ट यांचे आहेत. दुसरे असे, की ब्लॅक एल्क १९०४ पासून कॅथलिक झाले होते आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून गावोगाव फिरले होते. पुस्तकात त्याचा उल्लेखही नाही. हकिकत वूंडेड नीशी थांबते, जणू सांगणाऱ्याचे पुढचे चाळीस वर्षांचे आयुष्य घडलेच नाही. त्या वर्षांत ते लेकरांना वाढवत होते आणि चर्चमध्ये प्रार्थना म्हणत होते, आणि पुस्तकानंतर ब्लॅक हिल्समध्ये उन्हाळ्यात येणाऱ्या प्रवाशांसमोर जुने विधी करून दाखवू लागले. १९५० मध्ये ते वारले. २०१६ मध्ये साउथ डकोटातील सर्वांत उंच शिखराला त्यांचे नाव देण्यात आले आणि पुढच्या वर्षी त्यांना संतपद मिळावे यासाठीची चर्चची प्रक्रिया सुरू झाली.

नायहार्ट यांनी लबाडी केली असे मला वाटत नाही. त्यांना त्या माणसाविषयी खरे प्रेम होते. पण ते कवी होते, शोकात्म शेवट त्यांना पेलत होता, आणि मरणाऱ्या समाजाची कहाणी ऐकायला बाहेरचे जग उत्सुक होते. मैत्रीने त्यांच्यासाठी दार उघडले. आत गेल्यावर काय दिसले हे मात्र त्यांच्या डोळ्यांनी ठरवले.

कोणती दारे उघडायची, हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे. विधींवरची बंदी १९३४ मध्ये सैल झाली आणि १९७८ च्या कायद्याने धर्मस्वातंत्र्याला मान्यता दिली. पण नंतर बाहेरून येणाऱ्यांची गर्दी वाढली, पैसे घेऊन ‘लकोटा विधी’ करणारेही निघाले, आणि २००३ मध्ये पवित्र चिलमीचे परंपरेने रक्षण करणारे आर्व्हल लुकिंग हॉर्स यांनी मुख्य विधींत बिगर-आदिवासींनी भाग घेऊ नये असे जाहीर केले. समाजात यावर एकमत नव्हते, काहींनी आपल्या बाहेरच्या हुंका नातेवाइकांची बाजू घेतली. २०२२ मध्ये स्टँडिंग रॉकच्या टोळी परिषदेने तिथे काम करणाऱ्या एका भाषासंस्थेला प्रदेशात बंदी केली. वाद होता तो वृद्धांकडून ध्वनिमुद्रित केलेले शब्द आणि त्यांवर बनवलेली पाठ्यपुस्तके कोणाच्या मालकीची याविषयी. आजीने सांगितलेली गोष्ट नातवाने विकत का घ्यायची, हा त्यातला साधा प्रश्न होता.

साल मोजण्याची रीत

लकोटा मित्राशी जवळीक वाढली की इतिहासही समोर येतो, पण तो आपण शाळेत शिकलो त्या सनावळीच्या रूपात येत नाही. आपल्याकडे जुनी माणसे ‘बहात्तरच्या दुष्काळात’, ‘पानशेत फुटले त्या वर्षी’ असे म्हणतात ना, तीच पद्धत लकोटांनी पूर्ण शास्त्र म्हणून राबवली. वडीलधारी मंडळी बसून त्या वर्षातली एक घटना निवडत, आणि हिशेब ठेवणारा माणूस तिचे छोटे चित्र कातड्यावर, पुढे कापडावर आणि कागदावर काढे. याला ‘वानियेतु वोवापी’ म्हणतात, म्हणजे हिवाळ्यांची नोंद. एका हिवाळ्यापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत एक वर्ष. १८३३ च्या नोव्हेंबरमध्ये सिंह राशीतून उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला, तो जवळपास प्रत्येक नोंदीत ‘तारे कोसळले तो हिवाळा’ म्हणून चित्रित आहे, आणि त्या एका खुणेवरून बाकीची वर्षे इसवी सनाशी जुळवता येतात.

हा इतिहास कराराच्या भाषेत वाचला तर १८६८ पासून सुरू करावा लागेल. त्या वर्षी लॅरमी किल्ल्यावर झालेल्या तहाने मिसुरी नदीच्या पश्चिमेचा, आजच्या साउथ डकोटाचा निम्म्याच्या आसपास प्रदेश लकोटांसाठी राखून ठेवला, आणि यातली जमीन घ्यायची तर तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील असे लिहून दिले. १८७४ मध्ये अमेरिकी लष्करातल्या कस्टर या अधिकाऱ्याच्या तुकडीला ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले. जून १८७६ मध्ये कस्टर लिटल बिगहॉर्नला मारला गेला. त्यानंतर शिधा बंद करण्याची धमकी देऊन सह्या मागितल्या गेल्या, त्या मिळाल्या जेमतेम दहा टक्के, तरीही १८७७ च्या कायद्याने डोंगर घेतले गेले. एकशेतीन वर्षांनी, १९८० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की जमिनीचा योग्य मोबदला दिला गेला नव्हता, आणि व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम कायम केली. लकोटांनी ती घेतली नाही. सरकारी खात्यात पडून राहिलेली ही रक्कम आता १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि हे लोक देशातल्या अत्यंत गरीब भागांत राहतात.

पैसे का घेत नाहीत, हा प्रश्न बाहेरच्या मित्राच्या मनात येतोच. करार वाचून त्याचे अर्धेच उत्तर मिळते: रक्कम घेतली की विक्री मान्य केल्यासारखे होईल. उरलेले अर्धे नात्यांच्या शब्दांत आहे. ‘हे सापा’, म्हणजे हे काळे डोंगर, लकोटांच्या कथांमध्ये त्यांच्या पूर्वजांचे उगमस्थान आहे; तिथल्या विंड केव्ह या गुहेतून माणसे वर आली असे सांगतात. आप्ताची किंमत ठरवता येत नाही. पुढे १९५० नंतर मिसुरीवर ओआहे धरण झाले आणि स्टँडिंग रॉक व शायेन रिव्हर यांची मिळून दीड लाख एकरांहून जास्त जमीन, तीही नदीकाठची सुपीक आणि झाडीची, पाण्याखाली गेली. त्याच सुमारास कोयनेच्या पाण्याने ज्यांची गावे बुडाली त्यांच्या घरच्यांना, मोबदला आणि गाव या दोन गोष्टी एका तराजूत का बसत नाहीत हे वेगळे सांगावे लागणार नाही.

फळ्यावरचे नाव

नाव देऊन माणसाला आपल्यात घेण्याची एक उलटी रीतही या इतिहासात आहे. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे सरकारी निवासी शाळा सुरू झाली, आणि पहिल्या तुकडीत रोझबड आणि पाइन रिजची मुले होती. त्यांच्यातला एक मुलगा पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने लेखक झाला. त्याने लिहून ठेवले आहे, की वर्गात फळ्यावर खडूने काही चिन्हे लिहिली होती, हातात काठी देऊन त्यातल्या एकावर ठेवायला सांगितले, आणि त्याने जिथे काठी टेकवली ते त्याचे नाव झाले. ते नाव पट्टीवर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवले गेले. केस कापले गेले, भाषा बोलायला बंदी झाली. हुंकाच्या सोहळ्यात नावाबरोबर आप्त मिळतात. इथे नाव मिळाले आणि आप्त गेले. अनेक मुले तिथेच आजारपणात मेली आणि शाळेच्या आवारात पुरली गेली.

२०१५ मध्ये रोझबडच्या सिचांगु युवा मंडळातली काही मुले वॉशिंग्टनहून परतताना वाटेत कार्लाइलच्या त्या दफनभूमीत थांबली. ओळीत उभे केलेले पांढरे दगड वाचताना त्यांना आपल्याकडची नावे दिसली, आणि त्यांनी बरोबरच्या मोठ्यांना विचारले, की यांना आपण घरी का नेत नाही. दफनभूमी ज्याच्या ताब्यात आहे त्या लष्कराशी पत्रव्यवहार, कुटुंबांचा शोध, अर्ज आणि परवानग्या यांत सहा वर्षे गेली. जुलै २०२१ मध्ये नऊ मुलांचे अवशेष घेऊन गाड्यांचा ताफा पश्चिमेकडे निघाला आणि रोझबडला पोचण्याआधी मिसुरीच्या काठी थांबला, जिथून त्या मुलांना आगबोटीत बसवून नेले होते. तो प्रश्न विचारणारी मुले तोवर मोठी झाली होती, आणि आपल्यापेक्षा सव्वाशेहून अधिक वर्षांनी थोरल्या त्या लहान आप्तांना घेऊन ती घरी जात होती.